तेरा चिंचोके

भिंतीपलीकडून शंकरव्वाचा आवाज आला, "तेरा." आणि चन्नव्वाच्या हातातला रहाट जागच्या जागी थांबला.

पुन्हा तेराच! जेवणाआधी तेरा, जेवणानंतर तेरा, आणि आता उन्हं अंगणातून जोत्यावर चढायला लागली तरी तेराच... पलीकडच्या खोलीत तिची भाची दानम्मा बाळंतपणाला आलेली, पहाटेपासून कण्हत होती. दानम्माचा बाप, म्हणजे चन्नव्वाचा भाऊ गुरप्पा, मागावर बसून लुगडं विणत होता आणि भावजय शंकरव्वा पुढ्यात चिंचोके मांडून मागाचे ठोके मोजत होती. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं. पण चन्नव्वाच्या मांडीपाशी पडलेल्या सुताच्या कांड्या काही वेगळंच सांगत होत्या.

होसदिन्नीच्या विणकरांच्या ओणीत, म्हणजे गल्लीत, घड्याळ एकच, तेही मठाच्या सोप्यात, आणि पूजेची वेळ सोडली तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. ओणीतल्या बायका कळा मागावर मोजत. बाळंतिणीच्या खोलीला लागूनच माग असायचा आणि बाईच्या पोटात दुखू लागलं की तो थांबवायचा नाही, अशी रीत होती. मागाच्या फणीचे वीस ठोके पडले की एक चिंचोका बाजूला ठेवायचा. कळ आली की ढीग मोजायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ढीग लहान लहान होत गेला तर कळा खऱ्या, चुलीवर पाणी ठेवा. ढीग कधी मोठा, कधी छोटा, नाहीतर तासन्‌तास तेवढाच राहिला तर कळा खोट्या... पोट नुसतं घट्ट होऊन सैल पडतंय, बाईला तांब्याभर पाणी पाजा, डाव्या कुशीवर निजवा किंवा अंगणात चार फेऱ्या मारायला लावा, आपोआप थांबतील. ओणीतली चार पिढ्यांची पोरं या मोजणीवर जन्माला आली होती. मोजणी बहुतेक वेळा बरोबर यायची, म्हणून तर तिच्यावर सगळ्यांचा एवढा विश्वास होता.

चन्नव्वापाशी आज चिंचोके नव्हते. तिला पलीकडे कुणी बोलावलंच नव्हतं. ती आपली भिंतीच्या अलीकडे बसून सोसायटीच्या कांड्या भरत होती. पण तिचा हात असा, की एक कांडी भरायला काल जेवढा वेळ लागला तेवढाच आज लागायचा. सकाळी दानम्मा एकदा कण्हली की पुन्हा कण्हेपर्यंत तीन कांड्या होत होत्या. मग अडीच झाल्या. मग दोन. आणि आता दुसरी कांडी निम्मी भरते न भरते तोच पोरीचा हुंकार आला होता. कांड्या कमी होत होत्या, चिंचोके मात्र तेराचे तेरा!

याचा अर्थ एकच होता. गुरप्पाचा माग धावत होता.

चन्नव्वाने डोळे मिटून कान दिला. दानम्मा कण्हली रे कण्हली की ठोक्यांची गती वाढायची, आणि वाढलेली गती पुन्हा खाली यायची नाही. मागावर बसलेल्या माणसाला ते कळत नव्हतं, शेजारी बसून मोजणाऱ्या बायकोलाही कळत नव्हतं. ते कळणारं माणूस साऱ्या जगात एकच होतं, आणि त्या माणसाला भिंतीपलीकडे पाऊल टाकायची बंदी होती.

गुरप्पा तीन वर्षांचा असताना त्यांची आई गेली. चन्नव्वा तेव्हा अकरा वर्षांची. पुढे तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपाळाने माघारी आली. बापाने तिचं दुसरं लग्न ठरवायचा घाट घातला, तिच्या जातीत त्याला कुणाची ना नव्हती, स्थळही चांगलं चालून आलं होतं... पण लहानग्या गुरप्पाने तिच्या पदराचं टोक दातात धरलं ते सोडेना, आणि तिचं मन विरघळलं. ती गेली नाही. तिनेच त्याला भरवलं, तिनेच त्याला मागाच्या खड्ड्यात बसवून धोटा फेकायला शिकवलं. शिकवताना तिच्या लक्षात आलं होतं की हा पोरगा भ्याला की त्याचे हात पळतात. बाप तापाने फणफणलेला असताना या पोराने रडत रडत एका दिवसात दोन दिवसांचं कापड विणून ठेवलं होतं, आणि विचारलं तर म्हणाला होता, "मी कुठे घाई केली?" त्या वेळी चन्नव्वा हसली होती.

पुढे ती ओणीची सुईण झाली, गुरप्पाचं लग्न झालं, शंकरव्वा घरात आली. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ, की लोक म्हणायचे, या दोघी मागच्या जन्मी जुळ्या असतील. वर्षाभरात शंकरव्वाला दिवस गेले. नववा भरला आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. चन्नव्वाने चिंचोके मांडले, गुरप्पा मागावर बसला. संध्याकाळपर्यंत मोजणी एकसारखी येत राहिली. चन्नव्वा म्हणाली, खोट्या आहेत गं, दोन दिवस आहेत अजून, नीज... आणि पहाटे ते बाळ आलं. आलं ते पायाळू, गळ्याला नाळेचे वेढे घेऊन. रडलंच नाही.

सकाळी मागावर फडकं टाकायला म्हणून चन्नव्वा गेली आणि तिथेच खिळून उभी राहिली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत जेवढं कापड व्हायला हवं, त्याच्या दुप्पट कापड मागावर होतं. क्षणात सगळा उलगडा झाला. मोजणी खोटी नव्हती, मोजणीच्या खालचा मागच खोटा होता! कळा जवळ जवळ येत होत्या आणि त्यांच्या मागोमाग या वेड्या पोराचे हात पळत होते... दुपारीच गाडी जोडून तालुक्याला गेलो असतो तर?

तेवढ्यात गुरप्पा आत आला. बावीस वर्षांचा बाप्या, पण बहिणीच्या कुशीत डोकं खुपसून लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "अक्का, मोजणी बरोबर होती ना गं?"

त्या एका क्षणात चन्नव्वाने आपल्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावला. खरं सांगितलं असतं तर हा पोरगा पुन्हा मागावर बसला नसता. फणीच्या प्रत्येक ठोक्याला त्याला आपल्या हाताने आपला लेक मारल्यासारखं वाटलं असतं. तिने एका हाताने ते कापड मागाच्या तुरीवर, कापडाच्या रुळावर, गुंडाळून टाकलं, दुसरा हात त्याच्या केसांतून फिरवला आणि ती म्हणाली, "नव्हती रे. माझंच चुकलं. मोजताना मला डुलकी लागली होती."

आतल्या खोलीत शंकरव्वा जागी होती. तिने ते ऐकलं.

डुलकी! पोटचा गोळा गेला तो नणंदेच्या डुलकीपायी! अजाण माणसाची चूक एक वेळ माफ होते, पण झोपाळूची कशी व्हावी? त्याच महिन्यात घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. बावीस वर्षं शंकरव्वा नणंदेशी शब्दाने बोलली नाही. बोलायचं ते दारातल्या शेळीशी बोलायची, चांगलं खणखणीत, भिंतीपलीकडे जाईल असं. "खा गं खा, आणि ताणून दे. काही लोकांना तेवढंच येतं," असं ती शेळीला सांगायची, आणि शेळी बिचारी कडबा खात राहायची. दोन वर्षांनी दानम्मा झाली, तीही शंकरव्वाच्या माहेरी. दानम्मा मात्र चालायला लागल्यापासून गुळाच्या खड्यासाठी अत्तीच्या, म्हणजे आत्याच्या, दारात येऊन उभी राहायची, आणि शंकरव्वा ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायची. एवढीच काय ती त्या भिंतीला फट होती.

दोन-तीन वर्षं चन्नव्वाला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. मग हळूहळू बोलावू लागले, कारण तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. पण तेव्हापासून तिने एक विचित्र अट घातली. ज्या घरात बाळंतपण, त्या घरचा माणूस मागावर बसणार नाही, शेजारचा बसेल. आणि चिंचोके कितीही आले तरी ती आधी आपल्या हाताने पोट बघणार, कंबर बघणार, बाईला चालवणार. लोक म्हणायचे, चन्नव्वाचं खूळ. खुळाचं कारण कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आणि आज बावीस वर्षांनी तीच खोली, तोच माग, तेच हात!

दानम्माचं बाळही पायाळू होतं. दर बुधवारी येणाऱ्या नर्सबाईने पोट चाचपून निक्षून सांगितलं होतं, की खऱ्या कळा सुरू झाल्या की घरी क्षणभरही ठेवू नका, तालुक्याच्या दवाखान्यात आणा. शंकरव्वाने ते इतकं मनावर घेतलं, की पोट जरा घट्ट झालं की गाडी जोडायची. पहिल्यांदा बैलगाडीने नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दानम्माला पाणी पाजलं, व्हरांड्यात चालवलं, आणि अर्ध्या तासात कळा गुडूप! दुसऱ्यांदा टेंपोने नेलं, पुन्हा तोच प्रकार. ओणीतल्या बायकांना विषयच मिळाला, की दानम्माचं पोर जन्माआधीच तालुका बघून घेतंय. जावई सोलापूरला यंत्रमागावर, त्याच्या आईनेही निरोपातून टोमणा पाठवला. तेव्हा शंकरव्वाने ठरवून टाकलं की आता हसं करून घ्यायचं नाही. मोजणी दहाच्या खाली आली तरच निघायचं, नाहीतर नाही.

आणि मोजणी तेरावरून हलत नव्हती.

सोसायटीच्या वखारीपाशी रसूलच्या टेंपोचा पहिला भोंगा वाजला. आठवड्यातून एकदा तो लुगडी न्यायला यायचा. पहिला भोंगा म्हणजे गठ्ठे चढवायला सुरुवात, दुसरा म्हणजे निघालो. तो गेला की उरली ती बैलगाडी, म्हणजे तीन तास, आणि तेही ओढ्याला पाणी नसलं तर. चन्नव्वा उठली. तिने पदर सारखा केला आणि भिंतीला वळसा घालून ती त्या दारात जाऊन उभी राहिली, जे तिने बावीस वर्षांत ओलांडलं नव्हतं.

शंकरव्वाने मान वर केली. तिच्या हातात चिंचोका तसाच राहिला. मग ती दारातल्या शेळीला म्हणाली, "बघ गं बाई, काही लोकांची झोप पुरी झाली वाटतं."

"टेंपो थांबवायला सांग," चन्नव्वा म्हणाली. "पोरीला न्यायला हवं. कळा खऱ्या आहेत."

शंकरव्वा उभी राहिली. शेळीकडे बघणं तिने सोडून दिलं. "तेरा आहेत," ती म्हणाली, आणि बावीस वर्षांत ती नणंदेशी समोरासमोर बोललेली ही पहिली गोष्ट होती. "सकाळपासून तेरा आहेत. मी इथे बसून मोजलेत. मला डुलकी लागलेली नाही."

तो शब्द चन्नव्वाच्या वर्मी बसला, पण ती मागे सरली नाही. ती सरळ आत गेली आणि दानम्माच्या उशाशी बसली. पोरीचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते, आणि अत्तीला पाहताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चन्नव्वाने तिला कुठे दुखतंय ते विचारलं. दानम्मा सांगू लागली की मागच्या दोन वेळांना पोटात पुढेच दुखायचं, आज कंबरेतून सुरू होतंय आणि... वाक्य तिथेच तुटलं. तिने अत्तीचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. चन्नव्वाने दुसरा हात तिच्या पोटावर ठेवला. पोट दगड झालं होतं, आणि बराच वेळ ते तसंच राहिलं. कळ ओसरल्यावर पोरीने राहिलेलं सांगितलं. पाणी प्यायली, फरक पडला नाही. कुशीवर निजली, फरक पडला नाही. अंगणात चालली, तर उलट जास्तच आलं.

"बोलता येत नाहीये तिला कळेत," चन्नव्वा भावजयीला म्हणाली. "खोट्या कळेत बाई बोलते, भांडते, खायला मागते. ही वाक्य पुरं करू शकत नाही."

"भ्यालीय ती. पहिलटकरीण आहे. मागच्या खेपेलाही रडतच होती," शंकरव्वा म्हणाली, पण तिचा आवाज आता थोडा हलला होता. खाली बसून तिने चिंचोके मोजले. "बारा. बघ, बारा आणि वर चार ठोके. तेराच धर. मोजणी का खोटी बोलेल?"

माग चालूच होता. खट-खटाक, खट-खटाक... चन्नव्वाने मागाच्या खड्ड्यात बसलेल्या भावाकडे पाहिलं. केस पांढरे झालेले, गळ्यातलं इष्टलिंग घामाने ओलं झालेलं, नजर समोरच्या धाग्यांवर रुतलेली. तो दोघींचं बोलणं ऐकत होता आणि ऐकू नये म्हणूनच जणू विणत होता.

"गुरप्पा," ती म्हणाली, "तू उतर. शेजारच्या बसलिंगाला बसव."

"आता कशाला अक्का?" तो न थांबता म्हणाला.

"माझी अट तुला ठाऊक आहे."

"त्या खुळापायी?" शंकरव्वा पुढे आली. "का उतरायचं त्याने? सांग की. साऱ्या ओणीला तू ही अट घालतेस, कारण कुणाला सांगत नाहीस. आज मला सांग. माझी पोर आत तळमळतेय, मला कारण कळलंच पाहिजे."

कारण... चन्नव्वाच्या ओठांवर ते कारण बावीस वर्षं येऊन परत गेलं होतं. चार शब्दांचं तर काम होतं. पण ते चार शब्द बाहेर पडले की तिने जन्मभर उन्हात उभं राहून ज्याच्यावर सावली धरली, तो उघडा पडणार होता. आणि नाही पडले तर आतली पोर... वखारीकडे गठ्ठे बांधणाऱ्या माणसांचा आरडाओरडा चालला होता. टेंपोचं फळकूट खाली पडल्याचा आवाज आला.

"गुरप्पा," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ होता, की मागावरच्या माणसाला तो लहानपणचा वाटला, "तुझा हात धावतोय रे बाळा."

माग थांबला.

गुरप्पाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग मागाकडे पाहिलं. विणकर बसताना कापडाच्या कडेला रंगीत दोऱ्याची खूण बांधतो, दिवसाचं काम मोजायला. दुपारच्या जेवणानंतर बांधलेल्या खुणेवर त्याने वीत ठेवली. एक वीत. अर्ध्या दुपारी त्याच्या हातून तेवढंच व्हायचं. कापड अजून पुढे होतं. त्याने दुसरी वीत ठेवली, तीही पुरी भरली. हात कापडावर, नजर कापडावर, आणि चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलेलं.

"शंकरव्वा," तो म्हणाला, "तुझे तेरा खोटे आहेत. सकाळचे तेरा चिंचोके आणि आत्ताचे तेरा एक नाहीत. मी... मी दुप्पट विणलंय." आणि मग त्याच्या डोळ्यांत आणखी काहीतरी आलं, दुपारपेक्षा फार जुनं. "अक्का... त्या दिवशीही?"

"टेंपो जाईल," चन्नव्वा म्हणाली. "ऊठ आधी."

"त्या दिवशीही असंच झालं होतं का, ते सांग."

"ऊठ म्हणते ना!" ती ओरडली. त्या घरात तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

तो उठला. मागाच्या खड्ड्यातून बाहेर पडताना अडखळला, तसाच अनवाणी ओणीतून धावत सुटला, आणि दुसरा भोंगा वाजून रसूलने गाडी हलवली तोच तिच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. शंकरव्वाच्या मुठीत चिंचोके होते. तिने ते खाली टाकले नाहीत आणि नणंदेकडे पाहिलंही नाही. ती लेकीला काखेत हात घालून उठवू लागली, आणि दुसऱ्या काखेत चन्नव्वाने हात घातला.

लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर गोधडी टाकून दानम्माला निजवलं. तिचं डोकं अत्तीच्या मांडीवर आणि पाय आईच्या. वाटेत प्रत्येक कळेला चन्नव्वा तिच्या कानाशी बोलत राहिली. जोर करू नको, तोंडाने श्वास सोड, अजून वेळ आहे, मी आहे... शंकरव्वा लेकीचे पाय चोळत होती. गुरप्पा फळकुटापाशी पाठमोरा बसला होता आणि त्याची पाठ हलत होती. रसूलने बारा मैलांत एकदाही भोंगा वाजवला नाही, खड्डा आला की गाडी पायी चालवल्यासारखी हळू नेली. डॉक्टरीणबाईंनी दानम्माला पाहताच या खेपेला व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. त्यांनी हात लावून तपासलं आणि सरळ ऑपरेशनच्या खोलीत नेलं. दार बंद झालं.

दिवे लागले तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, थांबायचं नाव न घेणारं रडणं! नर्सने बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणखी तासभर उशीर केला असता तर कठीण होतं. गुरप्पाने बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं आणि बावीस वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला होता त्याचं खरं उत्तर मागू लागला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चन्नव्वाने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली की माझीही चूक होतीच रे, मी मोजणीवर भिस्त ठेवली, हाताने बघितलं नाही. एवढं मात्र खरं की डुलकी लागली नव्हती.

शंकरव्वा खांबाला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं. आता ती नणंदेच्या गळ्यात पडेल असं गुरप्पाला वाटलं असेल, पण ती आली ती रागावूनच आली.

"तू त्याला वाचवलंस," ती म्हणाली. "फार मोठं मन तुझं. आणि मला? मला कोण वाचवणार होतं, अक्का? बावीस वर्षं मी रोज उठून तुला तळतळाट दिले. देवापुढे हात जोडले की आधी तुझं वाईट मागायची, मग आपलं बरं. आईगत माझं करणाऱ्या बाईला मी शेळीच्या आडून शिव्या घातल्या. ते सगळं माझ्या पदरात कुणी टाकलं? एकदा, एकदा मला एकटीला सांगितलं असतंस तर... मी त्याला कळू दिलं असतं का? मी काय त्याची कुणीच नव्हते?"

आपल्या त्यागाचा चन्नव्वाने कधी कुणापाशी उच्चार केला नव्हता, पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला त्याचा आधार होता. त्या त्यागात आपण कुणाचं काही हिरावून घेतलं असेल, हा विचार तिच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. तिने हळूच हात जोडले. "चुकलं माझं, शंकरव्वा," ती म्हणाली. "हे मात्र खरंच चुकलं."

शंकरव्वाने ते जोडलेले हात धरून खाली केले. रात्री तिने घरून आणलेलं ज्वारीची रोट्टी आणि शेंगाचटणीचं गाठोडं सोडलं, एक रोट्टी नवऱ्यापुढे ठेवली, आणि दुसरीचे दोन तुकडे करून मोठा तुकडा नणंदेपुढे सरकवला. चन्नव्वाने तो खाल्ला.

सकाळी नर्सने बाळाला फडक्यात गुंडाळून आणून दिलं. दानम्मा आत झोपली होती, गुरप्पा सोलापूरला तार करायला गेला होता. शंकरव्वाने नातीला मांडीवर घेतलं, तिच्या इवल्या बोटांतून आपलं बोट फिरवलं, तिचं नाक, तिचं कपाळ डोळे भरून पाहिलं. मग ती मान वर न करता म्हणाली,

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"त्या वेळी मला त्याचं तोंड बघू दिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बघू नये. तूच पदरात गुंडाळून नेलंस त्याला. बघितलेलं असं माणूस तू एकटीच, आणि तुझ्याशी तर मी बोलत नव्हते..." तिने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "कसा होता गं तो?"

चन्नव्वाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिने त्या पुसल्या नाहीत. ती सरकून भावजयीच्या अगदी शेजारी जाऊन बसली, खांद्याला खांदा लावून.

"गोरा होता," ती म्हणाली. "तुझ्यावर गेला होता. हिचं नाक बघ, बापाचं आहे, बसकं. त्याचं तसं नव्हतं. त्याचं तुझ्यासारखं, सरळ. आणि जावळ एवढं दाट की कानांवर आलं होतं."

"कानांवर?"

"हो. आणि उजव्या हाताची मूठ अशी आवळलेली, की मला ती उघडेना. मी तशीच राहू दिली."

शंकरव्वाने नातीला छातीशी धरलं आणि डोळे मिटले. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे एक गोरं, सरळ नाकाचं, दाट जावळाचं तोंड बावीस वर्षांनी पहिल्यांदाच आकाराला येत होतं.

"अजून सांग," ती म्हणाली.

आणि चन्नव्वा सांगू लागली. ती काहीही विसरलेली नव्हती.